भाऊबीजेचा संडास

चिरंजीव मुखरूले घुग्घुसहून सुगंधाबाईचे आशीर्वाद. तू, तुझी बायको अन् एटापल्लीची लेकरं-गुरं सारी बरी असतीन. धान कसं आहे ते कळवजो. इथी सारं बरं आहे, माझे गुडघे अन् संडास सोडून. फोन केला असता, पण फोनवर तू "हो बाई, हो बाई" म्हणतं अन् ठेवून देतं. पत्र ठेवून देल्लं तरी घरातच राह्यते, तुझ्या डोयासमोर.

मागं भाऊबीजेले तू लुगड्याऐवजी मले खुर्चीवाला संडास आणला. (तुझं खरं होतं, लुगडी पेटीभर आहेत, गुडघे दोनच.) ऑटोवर बांधून आणला तवा सारी गल्ली पाहाले आली, शेजारच्या शकुबाईनं तर त्याले हळद-कुंकू लावलं. तू सोताच्या हातानं बसवला अन् मी त्याच्यावर राणीसारखी बसली. पण त्याच्या पुढच्या भाऊबीजेले तुझा निरोप आला, "बाई, जन्मभराची ओवाळणी एकदाच देल्ली, आता येत नाई." अशी बी कुठी ओवाळणी असते काय रे? जाऊ दे. आज मी संडासाचं सांगून राह्यली.

पावसाळ्यापासून त्याच्या बुडाशी पाणी निघून राह्यलं. माझा बिरजू सिमेंटच्या कारखान्यात कामाले, त्याले साऱ्या दुखण्यावर एकच औषध माहीत. पाणी दिसलं की थापलं सिमेंट. पुन्हा दिसलं, पुन्हा थापलं. आता संडासाभवती असा चबुतरा झाला का वर फक्त झेंडा लावाचा राह्यला. जमीन वर आली, खुर्ची तिथंच, मंग माझे गुडघे पुन्हा हनुवटीले. हे सांगाले गेली तर म्हणते, "माय, अजून एक थर देतो." त्याच्याच डोक्यावर द्याव वाटते मले.

मंग लहानू मिस्त्री आला. म्हणे खालचं रबर गेलं, संडास उचलाच लागते. मी म्हटलं, भावाची ओवाळणी उपटतं? अन् काठी घेऊन दारातच बसली. (सारं घर संडासाले शकुबाईकडे जाऊन राह्यलं होतं, तिनं बी तोंड वाकडं केलं.) सून चंचल रोज पोछा मारून वैतागलेली. ती म्हणाली, "आत्याबाई, मंग एटापल्लीच्या मामाजीलेच बोलवा. ज्यानं बसवला तोच उचलन." लग्न होऊन आली तवापासून हे एवढंच शहाणपणाचं बोलली ती.

म्हणून लिहून राह्यली. भाऊबीजेले ये अन् तुझ्या हातानं उचल. का एटापल्लीच्या गाड्या बंद झाल्या? का तुले बी कोणी सिमेंटनं थापून ठेवलं?

रागात आहे, पण तुझीच,
सुगंधाबाई

ता. क. : पत्र टाकाचं राह्यलं अन् काल मी बाजारात गेली. तेवढ्यात बिरजू अन् लहानूनं चबुतरा फोडला, संडास उचलला, नवं रबर घातलं, पुन्हा बसवला. मी दोघांसंगही बोलत नाई. मेलं एक थेंब गळत नाई.

आणखी ता. क. : खोटं लिहून भावाले बोलावणं बरं नाई, म्हणून सांगितलं. पण तुझ्या बायकोले हे वरचं ता. क. वाचून दाखवू नको, नाईतर म्हणन, आता कायले जाता. तू रिकाम्या हातानं येजो. त्या दिवशी सकाळी मीच तिथी लोटाभर पाणी सांडून ठेवीन.