पगाराची मर्यादा आणि पाच तिकिटं

२ फेब्रुवारी
शारजातल्या आमच्या सेव्हन-अ-साइड फुटबॉल लीगचा नवा नियम: एका टीमने सीझनभरात सगळ्या खेळाडूंना मिळून सहा हजार दिरहमच द्यायचे. म्हणजे एक लाख चाळीस हजार रुपये. आमचे पाच जणच साडेआठ हजार घेतात. बाकीचे मॅनेजर रडतायत. मी एचआरमध्ये अकरा वर्षं उगाच नाही काढली.

४ फेब्रुवारी
रफिक (असिस्टंट मॅनेजर, डोळा माझ्या जागेवर) म्हणतो, स्ट्रायकर धनंजयला सोडून देऊ. म्हणे सोडून देऊ! नियमावली तीनदा वाचली. प्रवासखर्च मर्यादेत धरत नाहीत. सगळी कॉन्ट्रॅक्ट्स रिस्ट्रक्चर करणार. रोख कमी, बदल्यात गावी जायचं रिटर्न तिकीट.

६ फेब्रुवारी
पाचही जणांनी सह्या केल्या. धनंजय बांधकामावर असतो, तीन वर्षं गावी गेलेला नाही, मुलगी फक्त व्हिडिओवर पाहिलीय. सही करताना रडला. मॅनेजरसमोर असं रडू नये.
टीम ज्यांची, त्या मंडळाने बजावलंय, यंदा ट्रॉफी नाही तर मॅनेजर बदलू. बदलून दाखवाच.

२० फेब्रुवारी
पाचही तिकिटं काढली. ९ मे, सर्वांत स्वस्त. तारीख बदलता येत नाही, पैसे परत नाहीत, पण बदलायचंय कुणाला? बायकोने, हलिमाने विचारलं, लीगचं वेळापत्रक पाहिलंत का. तीन सीझन टीम चालवतोय, मला विचारते!

१३ एप्रिल
सातपैकी सहा जिंकलो. इनायाला सांगितलं तर म्हणाली, "पपा, इट्स जस्ट संडे फुटबॉल."

४ मे, रात्री
सेमीफायनल जिंकली! धनंजयचे तीन गोल. मंडळ पहिल्यांदाच फायनलला. रफिकने फायनलची तारीख विचारली. म्हटलं, यल्ला, चला, कधीही असू दे.

५ मे
फायनल ११ मेला. वेळापत्रकात जानेवारीपासून छापलंय म्हणे. एअरलाइनला सतरा फोन. खलास.
धनंजयला म्हटलं, तिकीट सोड, नंतर दुसरं देतो. तो म्हणाला, "जहूरभाई, मुलीला तारीख सांगितलीय."
हरकत नाही. बाकीचे सहा आहेत, सातवा मी. गोलकीपर मीच.

११ मे
चौदा-शून्य. रेफ्री त्यांच्याकडचा होता.
मंडळाने मैदानातच रफिकला मॅनेजर केलं. मॅनेजरची शिट्टी मी स्वतःहून त्याच्या हातात दिली, कुणी मागितली नव्हती. रफिक हसला नाही. एवढंच म्हणाला, "आपण फायनलला पोचू असं तुम्हाला वाटलंच नव्हतं ना?"
त्याला सडेतोड उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.
नव्हतं वाटलं.