उजवी रिकीब

आल्बुकर्की,
८ सप्टेंबर १९८६

ती. आपांना,
डेल्फिनाचा सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोहोचले. बस वाटेत कुठे बंद पडली नाही, हे क्रूसिता आत्याला मुद्दाम सांगा. ती मेणबत्ती लावून बसली असेल. तिने भाजून दिलेल्या हिरव्या मिरच्यांचा वास सगळ्या बसभर झाला. शेजारच्या बाईंनी विचारलं, की पोरी कुठल्या गावची तू, आणि उत्तर यायच्या आत दोन मिरच्या मागूनही घेतल्या.

आता गोलोंद्रिनाबद्दल. या खेपेला ती नावासारखी, पाकोळीसारखी उडाली नाही. डाव्या बाजूने खोगीर चढवणं, तंग आवळणं, रिकिबीत पाय ठेवून वर जाणं, सगळं तिने कान मागे न पाडता होऊ दिलं. कुरणाच्या कुंपणापर्यंत जाऊन आलो. उजव्या बाजूचं मात्र सगळं राहिलं आहे. घोड्याला एका बाजूने शिकवलेलं दुसऱ्या बाजूने ठाऊक नसतं, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत. पुढच्या खेपेला तेच घेईन. तोवर तुमचं वचन लक्षात असू द्या: चारापाणी तुमचं, शिकवणं माझं. तुम्ही खांबाला बांधून, डोळ्यांवर पोतं टाकून घोडे वठणीवर आणलेत. कामाला ते चांगलेच निघाले, पण त्यांतला एकही आपणहून माणसाजवळ आला नाही. ही घोडी धाकाशिवाय तयार होते, हे मला करून दाखवायचं आहे.

शाळा बरी आहे. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवण्याचा शनिवारचा वर्ग घेशील का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. मी चटकन हो म्हणाले. खोलीवर आल्यावर आठवलं, की शनिवार गोलोंद्रिनाचा. एकाआड एक शनिवार असं काहीतरी जमवते. घरातली पहिली पदवीधर मी. एवढी सांगड मला घालता यायलाच हवी.

आत्याला नमस्कार. माझ्यावरची माया कुरणात मोकळी सोडू नका, दाराशी बांधून ठेवा.

तुमची,
डेल्फिना


ओहितोस,
१९ सप्टेंबर १९८६

चि. डेल्फिनाला,
आपाचे अ. आ.

पत्र पोहोचलं. तुझ्या घोडीला मी हात लावत नाही. ती आमच्याकडे पाहुणी आहे. गवत वाढतो, पाणी ठेवतो, सुप्रभात म्हणतो. ती उत्तर देत नाही. शहरात शिकली आहेस तू आणि तोरा तिला चढलाय.

माझा घोडा मोरो म्हातारा झाला. चढावर त्याची छाती भात्यासारखी वाजते. बर्फ पडायच्या आत डोंगरावरची गुरं खाली आणायची आहेत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर. त्याला नेलं तर मलाच त्याला पाठीवर घेऊन यावं लागेल. तुझी घोडी कामाजोगी झाली असेल तर तसं कळव. नसेल तर शेजारच्या फाकुंदोचा घोडा मागून घेईन. तो घोडा शेजारी असल्यासारखा वागत नाही, जावई असल्यासारखा वागतो. खातो आणि रुसतो.

मास्तरीणबाई, जेवत जा. जीव लावणारी माणसं इथे आहेत हे विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझा,
आपा

ता. क. डेल्फिना, मी क्रूसिता लिहिते आहे. तुझे आपा डावा पाय ओढत चालतात. काय झालं म्हटलं तर म्हणतात, थंडी. सप्टेंबरात कसली थंडी? गुडघा वर उचलत नाही, मान मात्र उचललेली. तू विचार, मला दाद देत नाहीत.


आल्बुकर्की,
६ ऑक्टोबर १९८६

ती. आपांना,
सा. न. वि. वि.

ठरवलेले दोन्ही शनिवार येणं झालं नाही. पहिल्या शनिवारी निघणारच होते, पण वर्गातल्या ओतिलियाबाईंनी आदल्या आठवड्यात औषधाच्या बाटलीवरचं नाव स्वतः वाचलं. हॉटेलातल्या चादरी धुऊन त्यांची बोटं सुरकुतलेली असतात, त्याच बोटाने एकेक अक्षर दाबत वाचलं. मग सगळ्यांनी विचारलं, की बाई, पुढच्या शनिवारी आहे ना वर्ग? माझ्याने नाही म्हणवलं नाही. आणि त्याच्या पुढच्या शनिवारीही म्हणवलं नाही. फळ्याशी उभी असते तेव्हा घोडी कुंपणाशी उभी दिसते. घोडीपाशी असते तेव्हा ही माणसं वह्या उघडून बसलेली दिसतात. कुठेही असले तरी दुसरीकडून पळून आल्यासारखं वाटतं. खिडकीतून आपल्याकडची बस जाताना दिसते, मी पाठ फिरवून खडू शोधत बसते.

माझ्यासाठी तुमचं काम अडायला नको. गुरं आणायला गोलोंद्रिनाला न्या. ऑगस्टात मी तिला दोरीने धरून टेकडीच्या वाटेने नेलं होतं, पाण्यातून गेली, पडक्या झाडावरून गेली, एकदाही बिचकली नाही. ती तयार आहे. तेवढ्यापुरतं तुम्हाला वचनातून मोकळं करते. फक्त लगाम हलका धरा, तुमच्या हातात मोरोची सवय आहे.

गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधा. थंडी आहे म्हणता तर थंडीचं औषध घ्या, आत्याला चिडवत बसू नका. मायेत खंड पडू देऊ नका, येण्यात माझ्याकडून पडला तरी.

तुमची,
डेल्फिना


ओहितोस,
१४ ऑक्टोबर १९८६

चि. डेल्फिनाला,
क्रूसिता आत्याचे अ. आ.

आधी हे वाच: तुझे आपा जिवंत आहेत, शुद्धीवर आहेत, आणि दवाखान्यातल्या पोसोलेच्या रश्शाला नावं ठेवत आहेत. आता बाकीचं.

काल सकाळी फाकुंदो आणि बाकीचे निघाले, तेव्हा तुझ्या आपांनी गोलोंद्रिनावर खोगीर घातलं. डाव्या बाजूने चढायला गेले, तर गुडघा रिकिबीपर्यंत पोहोचेना. सगळे बघत होते. कोणीतरी म्हणालं, की एउसेबिओ, शिडी आणू का? तुझे आपा हसले, घोडीच्या पुढून वळसा घालून उजवीकडे गेले, उजवा पाय उजव्या रिकिबीत घातला आणि अंग वर उचललं. त्या बाजूने माणूस वर येताना त्या घोडीने जन्मात पाहिलं नव्हतं. ती आडवीच उडाली. आपा कुंपणाच्या ओंडक्यावर पडले. माकडहाडाच्या वरच्या हाडाला तडा गेलाय, डॉक्टर म्हणतात जुळेल, पण हिवाळाभर कुबड्या.

फाकुंदोच्या घरून तुला फोन लावला, घरमालकीण म्हणाली तू वर्गावर आहेस. निरोप ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

गुरं फाकुंदोने आणली, हे त्याचं चांगलं. पण तो म्हणतो, की माणूस पाडणारी घोडी घरात ठेवू नये, लिलावाला पाठवा. तिथे पाडणाऱ्या घोड्यांना कसाईच विकत घेतात ते तुला ठाऊक आहे. त्यांच्यावर पुन्हा कोणी खोगीर घालत नाही. तुझे आपा यावर ना हो म्हणतात, ना नाही. मी तुम्हा दोघांवरही रागावले आहे. कोणावर जास्त, ते अजून ठरलेलं नाही.

राग आहे म्हणजे लोभ आहेच, वेगळा लिहीत नाही.

तुझी,
क्रूसिता


आल्बुकर्की,
२० ऑक्टोबर १९८६

ती. आपांना,
सा. न. वि. वि.

शनिवारी-रविवारी तुमच्या उशाशी होते, पण समोर बोलता आलं नाही. तुम्ही औषधाच्या गुंगीत होतात, जागे झालात की नर्सबाईंना सांगत होतात, की ही माझी मुलगी, हिला सगळं वाचता येतं. मी मान खाली घालून संत्रं सोलत बसले. म्हणून लिहिते.

उजवी बाजू राहिली आहे, हे मीच तुम्हाला लिहिलं होतं, आणि मग घोडी तयार आहे असंही मीच लिहिलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. मला ती तयार असायला हवी होती. ती तयार झाली की एक शनिवार माझ्या मनावरून उतरणार होता. आत्याने गुडघ्याचं लिहिलं तेही वाचलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर पडल्या होत्या आणि मी लोकरीची पट्टी बांधा म्हणून सल्ला दिला.

याहून वाईट एक आहे. आत्याचं पत्र वाचताना तुम्ही जिवंत आहात एवढं कळलं आणि लगेच माझ्या मनात आलं, गोलोंद्रिनाचं काय? हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. आणि गावी येऊनही मी तिला बघायला गेले नाही. धीर झाला नाही.

मी शाळा सोडून येते. या महिनाअखेर मुख्याध्यापकांना सांगेन. वर्गात मी नुसतं म्हटलं, की कदाचित मला घरी जावं लागेल. ओतिलियाबाईंनी वही मिटून पिशवीत ठेवली. त्याचंही लागलं, पण आधी घर. मी येईपर्यंत गोलोंद्रिनाला लिलावाला पाठवू नका. तुमचं करीन आणि तिचं करीन, उजव्या बाजूपासून सुरू करीन.

लोभ मागायला आज तोंड नाही. असेल तर असू द्या.

तुमची,
डेल्फिना


ओहितोस,
७ नोव्हेंबर १९८६

चि. डेल्फिनाला,
आपाचे अ. आ.

घरी आलो. क्रूसिता मला बशीसारखं उचलून ठेवते आणि वर ओरडते की हलू नकोस.

तुझं पत्र पुष्कळदा वाचलं. दोष एकटीनेच घेऊन चालली आहेस, माझा वाटा ठेव. मी जन्मभर घोडे शिकवले. घोडीची उजवी बाजू झाली का, हे विचारायला मला तोंड होतं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिकडून का चढायचंय हे सांगावं लागलं असतं. गुडघा वाकत नाही हे फाकुंदोपुढे कबूल करण्यापेक्षा मला पडणं बरं वाटलं. ते मिळालं. आणि घोडीची काळजी तुला आधी आली याचं मला काही वाटलं नाही. मलाही पडल्यापडल्या तिचीच आली. खोगीर पोटाखाली घसरलं असतं तर तिने पाय मोडून घेतला असता.

आणखी एक तुला कोणी सांगितलेलं नाही. मला पाडून माझा जुना कुठलाही घोडा डोंगरापलीकडे गेला असता. ही तळ्यापर्यंत गेली आणि परत आली. माझ्या डोक्याशी नाक खाली करून उभी राहिली, लोक मला उचलेपर्यंत. ते तुझं शिकवणं. माझ्या पोत्याने ते कधी जमलं नव्हतं.

आता माझा गुन्हा. वचन मोडलंय. क्रूसिता मला उन्हासाठी कुंपणाशी खुर्ची टाकून देते आणि घोडीवर खोगीर चढवते. घोडी येऊन उभी राहते. तिची उजवी बाजू माझ्याकडे येते, मी कुबडीच्या टोकाने उजवी रिकीब हलवतो. ती थरथरते. मी हलवत राहतो. ती थांबली की मी थांबतो. दिवसभर मला दुसरं काम नाही, तिलाही नाही. पोतं वापरलं नाही, क्रूसिता साक्षीला आहे, हवं तर तिला शपथ घाल.

शाळा सोडायची नाही. सोडून आलीस तर घरात दोन लंगडे होतील, एकाला सांभाळताना क्रूसिताचे हाल आहेत. त्या बाईंना बाटली वाचता आली म्हणतेस, मग बाटलीत काय आहे तेही वाचू दे.

फाकुंदो परवा परत लिलावाचं बोलला. मी म्हटलं, घोडी माझी नाही, मुलीची आहे, तिला विचारतो. म्हणून विचारतो. तुझी असेल तर तू येऊन रोज तिच्यासोबत राहायला हवंस, आणि तू येऊ नयेस असं मी म्हणतो. मग ती उभी राहून बिघडेल, आणि फाकुंदोचं खरं होईल. माझी असेल तर मी तिला पुढे नेतो. अर्धी तुझी, अर्धी माझी असं तिच्याबाबत चालायचं नाही. ते आपण करून पाहिलं. ही घोडी कोणाची, ते सरळ लिही.

उत्तर काहीही आलं तरी माझी माया हलणार नाही. सध्या मीच हलत नाही.

तुझा,
आपा


आल्बुकर्की,
२४ नोव्हेंबर १९८६

ती. आपांना,
सा. न. वि. वि.

काल सकाळच्या पहिल्या बसने आले ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण तुम्हाला हाक मारायच्या आधी मी बराच वेळ फाटकाबाहेर उभी होते, ते ठाऊक नाही. खिशात सफरचंद होतं. तुम्ही खुर्चीत, ती तुमच्या पुढ्यात. कुबडी खोगिराच्या उजव्या अंगावर टेकवून तुम्ही भार देत होता, आणि ती कान तुमच्याकडे लावून उभी होती. मी नेहमीची शीळ अगदी हळू घातली. तिने मान वळवली, मला पाहिलं, ओळखलंही. आणि पुन्हा तुमच्याकडे वळली, कारण तुमचं दोघांचं काम अर्ध्यावर होतं.

मला रडू आलं. रडू थांबायच्या आत सुटल्यासारखं वाटलं. रडल्याचं काही नाही, पण सुटल्यासारखं वाटलं याची लाज अजून गेलेली नाही. सफरचंद मी फाटकाशीच उभ्याने खाऊन टाकलं. आत आल्यावर तुम्ही विचारलंत, भूक नाही का, ती त्यामुळे नव्हती.

जेवताना उत्तर देणार होते. आत्या समोर होती, तुम्ही घेवड्याला मीठ कमी म्हणून कुरकुरत होता, जमलं नाही. सरळ लिही म्हणालात, तर लिहिते. घोडी तुमची. आजपासून, पूर्ण. ती शिंगरू असताना मी तिला बाटलीने दूध पाजलं म्हणून ती माझी, असं मी धरून बसले होते. वचन मी तिच्यासाठी घेतलं असं म्हणत होते. खरं तर मी नसताना तिने माझीच वाट बघावी म्हणून घेतलं होतं. फाकुंदोकाकांना सांगा, की मालक बदलला, आता लिलावाचं तुमच्याशी बोला. तुम्ही त्यांना काय उत्तर द्याल, त्याची मला काळजी नाही.

वसंतात तुम्ही तिच्यावर चढाल. कोणत्या बाजूने ते तुम्ही ठरवा. पुढे कधी ती अडून बसली आणि तुम्हाला तुमच्या जुन्या रीतीने जावंसं वाटलं, तर मला विचारू नका. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आहे. तुम्ही तसं करणार नाही, असं वाटतं. पण केलंत तरी मी अडवणार नाही, अडवायचा हक्क इथे मी लिहून सोडते आहे.

राजीनामा दिलेला नाही, देणार नाही. शनिवारी वर्ग आहे. ओतिलियाबाईंना मुलाला पत्र लिहायचं आहे, तो मिशिगनला असतो. त्या म्हणाल्या, की पहिल्याच ओळीत त्याला रागवायचंय, ते कसं लिहायचं ते शिकव. मी म्हटलं, माझी आत्या त्यात तरबेज आहे, तिला विचारून सांगते.

आत्याला विचारा. आणि लोभाची वाटणी कराल तेव्हा आता घोडीचा हिस्सा आधी काढा. उरेल तो मला पाठवा, मी पुरवून वापरेन.

तुमची,
डेल्फिना