शब्द तिला, धडधड मला

शनिवार, संध्याकाळ

आज जेवण गेलंच नाही. नंदनवन भागातल्या पार्लरमध्ये तिथं काम करणारी लिंथोई माझे केस कापून राहिली होती. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतली बाई मालकिणीले म्हणे, "त्या चिनी पोरीले मले हात लावू देऊ नका."

मी तडक म्हटलं, "मावशी, ती मणिपूरची आहे. अन् चीनची असती, तरी असं बोलाचं नाही." बाई उठून गेली.

मी मान वळवून दाराकडेच पाहून राहिली होती. शब्द लिंथोईले होता, मले काहून एवढा झोंबला?

ती हसून म्हणे, "दीदी, हिलो मत, कान कट जाएगा." मग हळूच, "आज तक मेरे लिए कोई नहीं बोला था."

कोणीच नाही? तिले इथं तीन वर्षं झाली! घरी येऊनही तेच डोक्यात घोळून राहिलं. पुढच्या वेळी माझ्या पोरीलेही तिच्याकडेच नेईन, अन् कोणी बोललंच तर पुन्हा बोलीन.