विरूच्या वाढदिवसाचा केक

शैलजा,

मी टँकरवर पाणी आणायला चालले. तू नव्यानं झालेल्या जिल्ह्याच्या कचेरीत कामाला गेल्यावर मी तुझ्यासारखा केक करून पाहिला. म्हैस दुष्काळामुळं चारा छावणीत, म्हणून दूध न्हाई, अंडं तर आपल्या घरात चालतच न्हाई. मैदा, साखर, कोको, तेल, सोडा आन् लिंबू पाण्यात कालवून कुकरात ठेवलं. केक मधोमध बसला. विरू म्हणाला, "आई, काकूचा असा नसतो." लई लागलं मला. पोरगं माझं आन् कौतुक सारखं तुझं.

कोको उरलाय. आल्यावर तूच दुसरा कर. तू केलास म्हणून सगळ्यांना सांग, माझं काही म्हणणं न्हाई. पण कापताना विरूचा हात मी धरणार. तेवढा वेळ तू लांब उभी राहा.

महानंदा