तीस लाखांत दोन अक्षरं

४ फेब्रुवारी

जुळले! जंतूच्या डीएनएच्या तीस लाख अक्षरांत फक्त दोन वेगळी. एक पेशंट म्हातारे मास्तर, दुसरं पार दुसऱ्या टोकाच्या गावातलं तान्हं बाळ. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि दोघांच्या रक्तातला लिस्टेरिया जणू एकाच पोटचा! हा जंतू येतो अन्नातून, आणि पोटातल्या बाळाला आईकडून. म्हणजे मास्तरांनी आणि बाळाच्या आईनं एकच काहीतरी खाल्लंय. काय?

आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "नाचू नकोस. अन्न सापडेपर्यंत आपल्या हातात काही नाही."

खरंय. तोवर लोक तेच खातायत.

६ फेब्रुवारी

फोन, फोन, फोन. गेल्या महिन्यात काय काय खाल्लंत? मला स्वतःला परवाचं जेवण आठवत नाही! बाळाची आई रडायलाच लागली. पुढे विचारवेना. मास्तरांची मुलगी मात्र भडकली – "अहो, बाबांना एक दात नाही. मऊ भात आणि आइस्क्रीम! दुसरं काय जातंय तोंडात?"

आइस्क्रीम. हा जंतू थंडीला भीक घालत नाही.

बाळाच्या आईला पुन्हा फोन केला. हो, तीही खायची. कंपनी तीच.

मॅडमनी तपासणीवाल्यांना कारखान्यात धाडलंय. पक्कं होईपर्यंत कुठे ब्र काढायचा नाही, अशी ताकीद.

आणि घरी येऊन फ्रीझर उघडला तर – तोच डबा! अर्धा संपलेला. वहिनीला पाचवा महिना आहे.

मी डबा पिशवीत बांधला. आई मागे उभी. "अगं, तिच्यासाठी आणलाय! तेवढंच टिकतं तिच्या पोटात."

"तारीख उलटलीय."

"मला वाचता येतं हं." आई तेव्हापासून फुगून.

डबा उद्या लॅबला नेते. झाकण उघडायचीसुद्धा भीती वाटते.

१० फेब्रुवारी

मॅडमनी गेल्या दोन वर्षांची गोठवून ठेवलेली सॅम्पलं काढायला सांगितली. हाच जंतू आधीही येऊन गेला असेल तर? मशीन चालू आहे. मी उगाच पाच-पाच मिनिटांनी स्क्रीन बघते. दूध उतू जाईल की काय अशी!

१३ फेब्रुवारी

एक जुळलं. गेल्या वर्षीचं.

नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. कोणतं हॉस्पिटल, कोणता महिना, एवढंच कळतं. आमच्या घराजवळचं हॉस्पिटल. वहिनीचं पोटातलं बाळ गेलं तोच महिना.

बाथरूममध्ये जाऊन बसले. मी तेव्हा ट्रेनिंगसाठी परगावी होते. दादाचा फोन आला होता – "गेलं गं." बस, एवढंच. कशानं, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. आईचं मात्र तेव्हापासून एकच पालुपद – जिन्याची चढउतर, नोकरीची धावपळ, ऐकलं असतंस तर! वहिनी मान खाली घालून ऐकते. या वेळी तिला नोकरी सोडायला लावली, वरच्या मजल्यावरचं अंथरूणसुद्धा खाली आणलं.

नाव शोधायचा मला अधिकार नाही. नाही शोधलं. पण डोक्यातून जात नाही.

१५ फेब्रुवारी

कारखान्याच्या गटारातला जंतू तोच. आमच्या डब्यातलाही तोच! विक्री बंद. उद्या पेपरात येईल, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. पहिला फोन वहिनीच्या डॉक्टरीणबाईंना.

"ताप नाही ना? मग लक्ष ठेवा. जरा कणकण वाटली तरी घेऊन या."

"किती दिवस?"

"काही आठवडे धाकधूक राहणारच."

घरी सांगितलं. आई म्हणाली, "मीच आणला गं. मीच वाट्या भरभरून दिल्या." नंतर कितीतरी वेळ तिच्या हातातला पदर नुसता चुरगळत होता.

१७ फेब्रुवारी

वहिनी शिंकली. मी थर्मामीटर घेऊन धावले. दादा म्हणतो, हिलाच आधी दाखवायला हवं.

२१ फेब्रुवारी

ताप! शंभरच्या वर. तडक हॉस्पिटल. रिपोर्टची वाट न बघता सलाइनमधून औषध सुरू केलं. आधी कळवलं ते बरं झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बरं? मला काही सुचत नाही. रोज जंतूंची अक्षरं वाचते, आणि आज साधा फॉर्म भरता येईना. दादा भिंतीला टेकून उभा. आई बाकावर.

२५ फेब्रुवारी

रक्तात जंतू सापडला नाही! ताप साधाच होता म्हणे. बाळाचे ठोके छान. आई चार दिवसांनी पोटभर जेवली आणि ताटावरच रडली.

२७ फेब्रुवारी

वहिनी घरी आली. दुपारी आम्ही दोघीच होतो. जीव मुठीत धरून बोलले – गेल्या वर्षीही बहुतेक हाच जंतू होता गं. जिना नाही, नोकरी नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. वाटलं, आता बांध फुटेल.

ती शांतपणे म्हणाली, "माहीत आहे, ताई. डॉक्टर तेव्हाच मला एकटीला बोलले होते, खाण्यातल्या जंतूनं गेलंय म्हणून. पण तेव्हा खाऊ घालणाऱ्या आईच ना! ह्यांनाही नाही सांगितलं. आई मोडूनच पडल्या असत्या. म्हटलं, जिना तर जिना."