दोन वाजताचा आकडा

३ एप्रिल

थर्मामीटर टांगला. स्वतः! विद्यापीठातली संशोधक बाई खिळा ठोकायला निघाली होती, तिच्या हातून हातोडी काढून घेतली. जमिनीपासून दीड मीटर, उन्हापासून लांब, मागे लाकडी पट्टी म्हणजे भिंतीची धग लागू नये. बाई हसली. हसू दे! बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. माझी सायकल दिसली की दुकानदार पारडी पुसायला लागायचे.

काम असं – वस्त्यांमधली एकेचाळीस मंडळं, विद्यापीठ, नगरपालिका आणि सरकारी दवाखाना एकत्र आलेत. दरवर्षी ऊन चढत चाललंय, पण कुठलं घर किती तापतं ते कुणालाच माहीत नाही. म्हणून घरातल्यांनीच मोजायचं. प्रत्येक इमारतीत एक थर्मामीटर, छपराखालच्या मजल्यावर. रोज दुपारी दोनला आकडा फोनवरून पाठवायचा. एप्रिलची सरासरी एकोणचाळीसच्या वर गेली की त्या इमारतीच्या छपराला आधी ऊन परतवणारा पांढरा लेप. आयुष्यात समित्या ढिगाने पाहिल्या, यात मात्र डोकं दिसतंय.

आमच्या इमारतीत कुणाकडे द्यायचा म्हणून विचारलं, तर समोरच्या खोलीतली इस्त्रीवाली म्हणाली, "काटेकाकांकडेच द्या. त्यांचा आकडा म्हणजे आकडा." हे नाव दुकानदारांनी ठेवलेलं, तराजूच्या काट्यावरून. थोडा फुशारलो. कबूल.

५ एप्रिल

३९.४. ही पलंगावर पडून. हृदय थकलंय, डॉक्टरांनी चालायला बंदी घातलीय. न्हाणीघरापर्यंत फक्त, तेही माझा हात धरून. "अहो, किती झाले?" रोज विचारते. सांगतो.

६ एप्रिल

लेकीचा फोन. आकडे नकाशावर दिसतात म्हणे – कुठूनही! तिकडे तिच्या घरात बसून तिला आमची इमारत लालभडक दिसते. "बाबा, अडतीसच्या वर राहिलं तर मी आईला इकडे आणणार. इथे हवा थंड आहे, दवाखाना दोन मिनिटांवर. वाद नको."

मलाही बोलावलं, नाही असं नाही. पण दीड खोली, त्यात जावई, जावयाची आई. मी काय माळ्यावर झोपू? त्रेचाळीस वर्षांच्या संसारात बाळंतपणं सोडली तर ही आठ दिवसांवर कधी लांब राहिलेली नाही. फोन ठेवून चहा केला, साखर घालायला विसरलो. हिने तसाच प्यायला.

७ एप्रिल

४०.६ होते. ३७.८ पाठवले.

"किती झाले?" – ३७.८. "इतकेच?" म्हणाली. मी म्हटलं, इतकेच.

९ एप्रिल

३७.५ पाठवले. खरे किती ते इथेही लिहीत नाही.

१४ एप्रिल

खोटं लिहायचं तर दशांश हलता ठेवावा लागतो. मी पकडलेले सगळे लबाड इथेच फसायचे, रोज तोच आकडा! ३७.२, ३७.९, ३७.६. माझं काम चोख आहे.

मी काही हिला भाजत ठेवलेलं नाही. खिडकीला ओली चादर, डोक्याशी पंखा, ताक वेळच्या वेळी. दोनचा आकडा पाठवला की शेजारच्या तीन इमारतींत ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या नोंदी आणायला जातो. तासभर लागतो. येतो तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून झोपलेली असते. धाप लागल्यासारखी वाटते, पण झोपलेली असते. तिकडे गेली तर या वेळी तिच्याजवळ कोण बसेल? (मी तरी कुठे बसतो या वेळी!)

२२ एप्रिल

संशोधक बाईचा फोन. "काका, बाजूच्या इमारतीत चाळीस आणि तुमच्याकडे सदतीस?" मी म्हटलं, आमच्याकडे वारा येतो. कुठला वारा! तिने विश्वास ठेवला, तेच जास्त लागलं.

२ मे

शाळेच्या फाटकावर लेपाची यादी लागली. आमची इमारत नाही. सरासरी ३७.६.

इस्त्रीवालीने यादी दोनदा वाचली, बोट फिरवत. "काका, आपलं नाव नाही हो." मग स्वतःच म्हणाली, "पण तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. मलाच मेलीला जास्त उकडतं." ही बाई त्याच छपराखाली दिवसभर तापलेली इस्त्री घेऊन उभी असते. मी चपला घातल्या आणि उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

४ मे

दुपारी समोर धप्पकन आवाज. इस्त्रीवाली टेबलापाशी कोसळलेली, इस्त्री मनगटावर. इस्त्री मीच बाजूला केली. मनगटाची कातडी... नको, लिहवत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या उष्माघात, थोडक्यात निभावलं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं? "शर्ट जळला का हो गिऱ्हाइकाचा?"

५ मे

जेवण गेलं नाही. खोट्या वजनासाठी लोकांची दुकानं बंद केली मी. ह्या वजनाचं काय?

७ मे

शाळेच्या सभागृहात सगळ्या मंडळांची बैठक. उभा राहिलो. म्हटलं, आमच्या इमारतीचे सात एप्रिलपासूनचे सगळे आकडे खोटे आहेत, मी कमी करून पाठवले, कारण घरगुती आहे आणि ते कारण पुरेसं नाही. इस्त्रीवाली मागच्या रांगेत होती, हाताला पट्टी. माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं!

नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "ठीक आहे, पण नोंदीशिवाय यादी बदलता येत नाही. खरे आकडे कुठे आहेत?" कुठेच नाहीत. मी म्हणजे असा शहाणा, की स्वतःच्या रोजनिशीतही लिहिले नाहीत.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. खाली मान घालून. हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कपाटाच्या दाराआड जुनं कॅलेंडर आहे बघा."

होतं. सात एप्रिलपासून प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने बारीक आकडा. ४०.६. ४०.१. ४१.३... एकही दिवस सुटलेला नाही. "अगं, कधी?" "तुम्ही नोंदी आणायला जायचात तेव्हा. पलंगावरून दिसतो की." "आणि मला बोलली नाहीस?" "तुम्ही कधी ना कधी कबूल करणार हे माहीत होतं. मग आकडे लागले असते." वर म्हणते, "मलाही जायचं नव्हतं. म्हणून गप्प बसले. तेही लिहून ठेवा तुमच्या वहीत."

लिहिलं.

९ मे

संशोधक बाईने कॅलेंडर बाजूच्या इमारतींशी ताडून पाहिलं. अर्ध्या अंशाच्या आत जुळतं! सरासरी ४०.४. नगरपालिका, दवाखाना, मंडळं – तिघांनी मान्य केलं. आमचं छप्पर यादीत. लेप तीन आठवड्यांनी.

थर्मामीटर परत घ्या म्हटलं. बाई म्हणाली, "नाही. आणखी कोण खोटं लिहितंय ते शोधायला तुमच्याइतका तयार माणूस कुठे मिळणार?" टोमणा होता की कौतुक, कळलं नाही. एका इमारतीचा दशांश सतरा दिवस हललेला नाही, तेवढं दाखवून दिलं.

इस्त्रीवाली अजून बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

१० मे

तीन आठवडे! कॅलेंडर पुन्हा काढलं. २६ एप्रिलच्या चौकोनात आकड्याखाली तीन शब्द – "फार धाप लागली". आधी दिसले नव्हते.

लेकीला मीच फोन केला. "उद्याच ये आणि आईला घेऊन जा." पलीकडे ती रडायला लागली. मी ठेवून दिला.

१२ मे

काल लेक येऊन हिला घेऊन गेली. जिना उतरवायला इस्त्रीवालीने एका बाजूने धरलं, चांगल्या हाताने. जाताना ही म्हणाली, "लेप लागला की कळवा. आणि खरं कळवा."

दोनला ४१.२. पाठवला.

मग हिच्या जागेवर जरा पडलो. तिथून थर्मामीटर दिसत नाही. कपाट आड येतं. चष्मा लावून पाहिलं, मान ताणून पाहिलं. लाकडी पट्टीचा कोपरासुद्धा दिसत नाही! उठून मोजलं. पलंगापासून भिंतीपर्यंत अकरा पावलं. जायला अकरा, यायला अकरा. रोज.