म्हशीला पाऊण पान

धुळे, ता. ८ नोव्हेंबर १९८७

चि. चुडामण यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. म्हैस गाभण आहे, तिला लांब चालवत नाहीस, ढेप भिजवून घालतोस, डॉक्टरलाही दाखवलंस, हे वाचून बरं वाटलं. मुक्या जनावरावर लहानपणापासून तुझा जीव. पण म्हशीला पाऊण पान आणि कुंदाला एक ओळ? तीही काय, तर पाय सुजलेत, डोकं दुखतं म्हणते, तरी कापूस वेचायला येते. अरे, आठवा सरत आला तिचा. माहेरी आई नाही, तिनं सांगावं कोणाला? म्हशीला सावलीत बांधायचं आणि बायकोला उन्हात उभं करायचं, ही कुठली दया? पत्र मिळताच तिला जळगावला दाखव. कापूस कुठे पळून जात नाही.

लोभ आहेच, सध्या रागासकट घे.

तुझी कमलअक्का

जळगाव, ता. १९ नोव्हेंबर

ती. अक्कास चुडामणचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. मग कुंदाचे पाय नीट पाहिले. चप्पल चढत नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एस.टी.नं तिला इथे आणलं. रक्तदाब फार वाढला होता. आणखी थोडे दिवस शेतात गेली असती तर दोन्ही जीव हाती लागले नसते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. काल मुलगी झाली. जरा लवकर आली, हलकी आहे, पण दूध चांगलं ओढते. दोघी सुखरूप आहेत, काळजी करू नकोस.

इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी कुंदाला विचारलं. तुम्ही कधी विचारलंच नाही, म्हणाली. अक्का, मला तिथे बसवेना.

म्हैस शेजारी शालिग्रामकडे सोपवली आहे. तुझा राग आणि लोभ दोन्ही असू दे.

तुझा चुडामण

नशिराबाद, ता. ६ डिसेंबर

ती. अक्कांना कुंदाचा सा. नमस्कार.

आम्ही घरी आलो. बाळ अंग धरू लागलं आहे. आता तुमच्या भावावर रागावू नका. मला अंगणाबाहेर जाऊ देत नाहीत. जेवलीस का, झोप लागली का, पाय दुखतात का, विचारून विचारून भंडावून सोडलं आहे. आई गेल्यापासून एवढं कोणी विचारलं नव्हतं.

आज सकाळीही विचारलं. पाय मुळीच दुखत नव्हते. तरी थोडे दुखतात, असं मी सांगितलं. हे मात्र त्यांना कळवू नका.

बारशाला या, माया असू द्यावी.

तुमची कुंदा